विंचवाचे विष आणि सोन्यावरील प्रतिपिंड

महाडहून सावित्री नदीच्या काठाने खाडीकडे उतरू लागले म्हणजे जो मुलूख लागतो, त्यास तिकडचे लोक खाडीपट्टा म्हणतात. तुडील हे गाव याच पट्ट्यातले. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छपरे, पडवीत रचलेले सरपण, शेताच्या बांधांवरील दगडांच्या फटी. माणसाने आपल्या सोयीसाठी जे जे केले, ते ते सारे तांबड्या विंचवासही सोयीचे ठरले आहे. हा विंचू आकाराने बेताचा. त्याचा थोरला काळा भाऊबंद दिसण्यात अधिक भयंकर; पण काळ्याच्या दंशाने माणूस कळवळतो, तांबड्याच्या दंशाने तो दगावू शकतो.

सरपण काढताना बोटास काहीतरी डसते. काळोखात ते काय होते हे दिसत नाही. मुलगा रडत असतो, घाम फुटलेला असतो, एकदोन वांत्याही झालेल्या असतात. आता गाडी काढून तालुक्यास धावावयाचे, की सकाळपर्यंत वाट पाहावयाची? आणि तालुक्यास पोचल्यावर डॉक्टरांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो याहून अवघड असतो. या देहात विष किती उतरले आहे, आणि त्यातील किती अद्याप रक्तात मोकळे फिरत आहे?

महाडचे नाव वैद्यकाच्या जगात या एका प्रश्नापायीच गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या भागातील विंचूदंशाच्या रोग्यांचे जे निरीक्षण केले, ते १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. ही साखळी ध्यानी आल्यावर रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगास आले. १९८३ पर्यंतच्या काळात पश्चिम भारतात अशा गंभीर रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावल्याची नोंद होती. १९८४ नंतर, प्राझोसिनचा वापर रुळल्यावर, हे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली आले. २०२२ साली डॉ. बावस्करांस पद्मश्री मिळाली.

परंतु येथे विशेष महत्त्वाचा आहे तो २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा दुसरा प्रयोग. महाडच्या रुग्णालयात ७० रोगी घेतले. निम्म्यांना केवळ प्राझोसिन दिले, निम्म्यांना प्राझोसिनच्या जोडीस विंचवाचे प्रतिविष. पहिल्या गटास पूर्ण बरे होण्यास सरासरीने १७.७ तास लागले, दुसऱ्यास ८ तास. हे प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड होत. विषाच्या अल्प मात्रा टोचून घोड्यास तयार करतात; त्याचे रक्त त्या विषाला ओळखणारे प्रतिपिंड निर्माण करते. बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत जे दाखविले, त्याचीच ही शाखा.

प्रतिपिंडाची मर्यादा अशी की, तो रक्तात मोकळ्या असलेल्या विषासच आवळतो. जे विष एकदा आपल्या जागी जाऊन चिकटले, त्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही. म्हणून ‘मोकळे विष आहे काय, आणि किती?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तासा-दोन तासांत मिळाले तर त्याचे मोल आहे. दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या कागदावर मिळाले तर नाही. आज ते उत्तर डॉक्टर रोग्याच्या घामावरून, नाडीवरून, गार पडलेल्या हातापायांवरून अनुमानाने काढतात. अनुमान बहुधा बरोबर येते, ही त्यांच्या अनुभवाची थोरवी. पण तेच उत्तर एखाद्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून मिळावे, ही इच्छा काही गैर नव्हे.

मधुमेही माणसाच्या घरी अशी पट्टी असतेच. थेंब टाकला, काही सेकंद गेले, साखरेचा आकडा उमटला. मग साखरेला जे साधले ते विषाला का साधू नये? या प्रश्नाच्या पोटात एक मोठा भेद दडलेला आहे, आणि पुढील सारा खटाटोप त्या भेदामुळेच करावा लागतो. साखरेच्या पट्टीचा मूळपुरुष लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली सुचविलेला विद्युदग्र होय; त्यावर एक विकर बसविलेले होते. विकर हे कामसू असते. साखरेचा रेणू आला की ते त्याचे रूपांतर करते, त्यातून विद्युत् प्रवाह निघेल असे द्रव्य उत्पन्न होते, आणि मग दुसऱ्या रेणूस हात घालते. प्रवाह आपोआपच वाहू लागतो. तो मोजला म्हणजे झाले. प्रतिपिंडाचे तसे नाही. तो आपले भक्ष्य ओळखतो, घट्ट पकडतो आणि स्वस्थ बसतो. त्या पकडण्यातून ना रंग उमटतो, ना प्रवाह निघतो. गिरणीत गिऱ्हाईक आले की जाते फिरू लागते व त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. पण काळोख्या खोलीत पहारेकऱ्याने चोर पकडला आणि दोघेही गप्प राहिले, तर बाहेरच्याने कसे ओळखावे?

यावर पहिली तोड निघाली ती खुणेची. पकडल्या गेलेल्या रेणूवर दुसरा प्रतिपिंड पाठवावयाचा आणि त्याच्या गळ्यात काहीतरी बांधून ठेवावयाचे. बर्सन व रोझलिन यालो यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी खूण बांधली. यालोबाईंना त्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये रंग उमटविणारे विकर बांधण्याची पद्धत निघाली, तीच आज प्रयोगशाळांतून सर्वत्र चालते. ऑस्ट्रेलियात सर्पविष ओळखण्याची जी पेटी १९७९ पासून मिळू लागली तीही याच जातीची. या पद्धती अचूक आहेत, यात संशय नाही. परंतु प्रत्येकीत पायऱ्या आहेत. थेंब घाला, थांबा, धुवा, दुसरे द्रव्य घाला, पुन्हा थांबा, पुन्हा धुवा. रात्री दोन वाजता, एकटी परिचारिका आणि भोवती घाबरलेले दहा नातेवाईक अशा ठिकाणी पायऱ्या जितक्या कमी तितके बरे. तेव्हा खूण न बांधता, प्रतिपिंडाने भक्ष्य पकडल्याचा क्षणच विजेच्या साह्याने कळून यावा, असा विचार पुढे आला. अशा साधनास बिनखुणेचा जैवसंवेदक म्हणता येईल.

तत्त्व समजण्यास कठीण नाही. सोन्याचा एक बारीक विद्युदग्र खारट पाण्यात बुडविला आणि त्यावर हलकासा उलटसुलट विद्युत् दाब दिला, सुमारे दहा मिलिव्होल्टचा, तर पृष्ठभागापाशी विजेला किती अडथळा होतो ते मोजता येते. या अडथळ्यास संरोध म्हणतात. पाण्यात फेरोसायनाइड व फेरिसायनाइड यांचे आयन सोडले म्हणजे ते सोन्यापर्यंत येऊन इलेक्ट्रॉन देतात-घेतात. सोने उघडे असेल तर ही देवघेव सुखाने चालते. सोन्यावर प्रतिपिंडांचा थर बसला की वाट थोडी अडते. त्या प्रतिपिंडांनी विषाचे रेणू पकडले की आणखी अडते. ही जी नंतरची वाढ, तीच बातमी. मात्र ती वाढ सामान्यतः फार थोडी असते, आणि म्हणूनच पहिला थर कसा बसविला यावर सर्व यशापयश अवलंबून राहते.

प्रतिपिंडाचा आकार बेचक्यासारखा असतो. एक दांडा आणि दोन बाहू. बाहूंच्या टोकांशी भक्ष्य पकडण्याच्या जागा. सारी लांबी दहा-पंधरा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या आसपास. एका चौरस मिलिमीटर सोन्यावर असे सुमारे हजार कोटी बेचके दाटीवाटीने उभे राहू शकतील. ते उभे कसे करावयाचे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रतिपिंडांचे पाणी सोन्यावर टाकून वाट पाहणे. प्रथिने स्वभावतःच चिकट असतात, ती बसतात. पण कशीही बसतात. कोणी आडवे पडते, कोणी तोंडावर पडते, कोणी सोन्यावर इतके पसरते की त्याची घडीच मोडते. प्रतिपिंडाचे सारे सामर्थ्य त्याच्या घडीत आहे. घडी मोडली की तो निव्वळ प्रथिनाचा गोळा. शिवाय जो सहज बसला तो सहज उठतो. रक्तातील दुसरे प्रथिन येऊन त्यास ढकलून त्याची जागा घेते. घाईच्या कामी ही पद्धत वापरली जाते खरी, पण तिच्यावर विसंबणे म्हणजे बिनपायाची भिंत बांधणे होय.

म्हणून मध्ये एक पाया घालतात. सोने हा उदास धातू. हवापाण्याने, बहुतेक आम्लांनी त्याचे काही बिघडत नाही, हे सराफास सांगावयास नको. परंतु गंधकाशी त्याचे गुप्त सख्य आहे. ज्या रेणूच्या एका टोकास गंधक व हायड्रोजन यांची जोडी आहे असे लांब शेपटीचे रेणू सोन्यावर सोडले, तर ते आपले गंधकाचे टोक सोन्यास जोडतात आणि शेपट्या वर करून, भाताच्या रोपांसारखे किंचित कलून, एकमेकांस खेटून उभे राहतात. नझो व अलारा यांनी १९८३ मध्ये अशा थरांचे वर्णन केले. हे काम एका रात्रीत आपोआप होते. कारागिराने फक्त सोने निर्मळ ठेवावयाचे. सोन्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तर मात्र पुढचा सारा थर फुकट जातो, आणि बिघाड कोठे झाला हे कित्येक दिवस उमजत नाही.

आता शेपटीचे वरचे टोक आम्लाच्या गटाचे ठेवलेले असते. प्रतिपिंडाच्या अंगावर जागोजागी लायसिन नामक घटकाची अमाइनची टोके असतात. आम्ल आणि अमाइन यांची गाठ बांधण्यासाठी कार्बोडायइमाइड नावाचा एक मध्यस्थ वापरतात. हा भिक्षुकासारखा, दोघांचे हात एकमेकांच्या हाती देतो आणि स्वतः निघून जातो. पाण्यात तो फार वेळ टिकत नाही, म्हणून त्याच्या जोडीस आणखी एक द्रव्य देऊन आम्लाचे टोक काही वेळ उत्सुक राहील अशी व्यवस्था करतात. गाठ पडली की ती पक्की; धुऊन जात नाही.

पण लायसिनची टोके प्रतिपिंडाच्या सर्वांगावर आहेत, बाहूंवरही आहेत. गाठ नेमकी कोठे पडेल याचा नेम नाही. बाहूंकडून बांधला गेला तर पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभा! हा दोष टाळण्याची एक सुंदर युक्ती निसर्गानेच पुरविली आहे. गळवे करणाऱ्या एका सूक्ष्म जंतूच्या अंगावर ‘प्रोटीन ए’ नावाचे प्रथिन असते. ते प्रतिपिंडास नेमके दांड्याकडून धरते. जंतू हे आपल्या बचावासाठी करतो. माणसाने तेच प्रथिन सोन्यावर आधी बसवून त्यावर प्रतिपिंड रोवले, म्हणजे दांडे खाली आणि बाहू वर. दुसरी रीत अशी की, प्रतिपिंडाचे मधोमध दोन अर्धे करावयाचे. सांध्यापाशी गंधकाचे दुवे असतात. ते उकलले की प्रत्येक अर्ध्यास गंधकाचे मोकळे टोक मिळते आणि तो त्या टोकाने थेट सोन्यास जोडला जातो.

येथे कोणासही असे वाटेल की, दवाखान्यात प्रतिविषाची कुपी आहेच. तीच फोडून सोन्यावर ओतावी. तसे चालत नाही, आणि न चालण्याची कारणे बोधप्रद आहेत. घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपैकी थोडाच भाग विषास ओळखणारा असतो; बाकीचे त्या घोड्याने जन्मभर ज्या ज्या जंतूंशी झुंज घेतली त्यांचे. औषध म्हणून ते सारे मिळून चालतात. विद्युदग्रावर मात्र जागा मोजकी, तेथे बघ्यांची गर्दी परवडत नाही. तेव्हा विष जोडलेल्या मण्यांच्या नळीतून ते द्रव्य गाळून, जे विषास चिकटतील तेवढेच प्रतिपिंड वेचून घ्यावे लागतात. दुसरे असे की, आपल्याकडील सर्पविषावरील प्रतिविषांत, रोग्यास अपाय कमी व्हावा म्हणून, पेप्सिनने प्रतिपिंडाचा दांडा आधीच तोडून टाकलेला असतो. अशा बिनदांड्याच्या प्रतिपिंडास ‘प्रोटीन ए’ने दांड्याकडून धरावयाचे तरी कसे?

थर बसल्यावरही काम संपत नाही. मध्ये मध्ये उघड्या राहिलेल्या जागा बुजवाव्या लागतात. नाही तर रक्तातील अल्ब्युमिन तेथे जाऊन बसेल आणि विष आल्याची खोटी वर्दी देईल. बुजविण्यासाठी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन किंवा दुधातील केसीन वापरतात. बिनखुणेच्या संवेदकाचे हे खरे दुखणे आहे. खूण असली म्हणजे जो खुणेवाला तोच मोजला जातो. खूण नसली म्हणजे जो कोणी येऊन बसेल तो मोजला जातो. विषाच्या एका रेणूमागे रक्तात इतर प्रथिनांचे रेणू असंख्य असतात. म्हणून शहाणे लोक एकाच पट्टीवर दोन विद्युदग्र ठेवतात. एकावर विषाचे प्रतिपिंड, दुसऱ्यावर भलत्याच कशाचे तरी. दोन्हींवर तोच थेंब पडतो. ऐरेगैरे दोन्हीकडे सारखे बसतात. दोहोंतील फरक तेवढा विषाचा.

दुसरी अडचण रक्तातील मिठाची. विजेचा प्रभाव खारट पाण्यात दूरवर पोचत नाही. आयन भोवती गोळा होऊन त्यास झाकून टाकतात. डिबाय या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे अंतर रक्ताइतक्या खारटपणात एका नॅनोमीटरहूनही कमी भरते, आणि प्रतिपिंड तर दहा नॅनोमीटर उंच. ज्या साधनात पकडलेल्या रेणूचा विद्युत् भारच मोजावयाचा असतो, त्यास बाहूच्या टोकाशी काय घडले ते दिसतच नाही. नमुना शंभरपट पातळ केला तर अंतर दहापट वाढते. पण मग विषही शंभरपट विरळ होते.

विंचवाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे दीड लाख. विंचवाच्या प्रमुख विषांचा सात हजारांच्या आसपास. म्हणजे पहारेकऱ्याच्या विसाव्या हिश्शाचा चोर. त्याने वाट ती किती अडणार? सापाच्या विषातील कित्येक प्रथिने याहून बरीच मोठी असतात, त्यामुळे तेथे काम काहीसे सोपे. विंचवासाठी बहुधा दुसरी वाट अधिक सोयीची ठरेल. विष न शोधता, विषाने हृदयास केलेली इजा शोधावयाची. हृदयाच्या स्नायूस इजा झाली की त्यातील ट्रोपोनिन व मायोग्लोबिन ही प्रथिने रक्तात पाझरतात, आणि ती विंचवाच्या विषाहून दुप्पट-तिप्पट थोर आहेत. अर्थात यास एक उणेपण आहे. इजा झाल्यावरच ही साक्ष मिळते, आधी नाही.

या दुसऱ्या वाटेवरचे काम महाडपासून दूर नव्हे, पवईच्या आय. आय. टी.त झाले आहे. तेथे व्ही. रामगोपाल राव, सौम्यो मुखर्जी व त्यांचे सहकारी यांनी हृदयविकाराची वर्दी देणाऱ्या प्रथिनांसाठी जे साधन योजले त्यात सोन्याच्या विद्युदग्राऐवजी एक अतिसूक्ष्म पट्टी आहे. एक टोक बांधलेले, दुसरे अधांतरी, पोहण्याच्या तलावावरील फळीसारखे. पट्टीच्या एका अंगावर प्रतिपिंड बसवितात. त्यांनी भक्ष्य पकडले की त्या अंगावर ताण पडून पट्टी किंचित वाकते, आणि आत पुरलेल्या रोधकाचा रोध बदलतो. येथेही खूण नाही, आणि उत्तर विजेतच मिळते. पट्टी सिलिकॉनची न करता एस्‌यू-८ नामक इपॉक्सी जातीच्या बहुवारिकाची केली. तो सिलिकॉनपेक्षा तिसांहून अधिक पट लवचीक, तेव्हा थोड्या ताणानेही अधिक वाकतो.

परंतु बहुवारिक म्हणजे सोने नव्हे. गंधकाची युक्ती त्यावर चालत नाही. त्याच्या अंगावर प्रतिपिंडास बांधता येईल असे अमाइनचे टोकच नसते. ओल्या रसायनांनी ते आणावे तर नाजूक पट्ट्या वाकतात, एकमेकींस चिकटतात. २००७ मध्ये या मंडळींनी एक कोरडी रीत प्रसिद्ध केली. तापलेल्या तारेवरून अमोनिया वायू सोडावयाचा. तारेच्या उष्णतेने त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे बहुवारिकाच्या पृष्ठावर जाऊन अमाइनची टोके रोवतात. पाण्याचा स्पर्श नाही, पट्टी शाबूत, आणि मग प्रतिपिंड नेहमीच्या रीतीने जोडता येतात. सिलिकॉनच्या पट्टीचे कौतुक करणारे पुष्कळ लेख निघतात. त्यामानाने पृष्ठभाग सज्ज करण्याच्या या निरस वाटणाऱ्या कामाची वाखाणणी कमी होते. खरे पाहता साधन चालते की नाही हे येथेच ठरते.

तुडीलसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. प्रतिपिंड हे प्रथिन असल्याने उष्म्याने व दमटपणाने बिघडते, आणि कोकणात दोन्हींची वाण नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा प्रसंगी वीज जाते, शीतकपाट बंद पडते, आणि त्यातील कुप्यांचा भरवसा उरत नाही. विद्युदग्रावरील थर त्यातून तगावा म्हणून तो ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवितात. पाणी उडून गेले की ही साखर काचेसारखी घट्ट होऊन प्रत्येक प्रतिपिंडाभोवती बसते आणि त्याची घडी मोडू देत नाही. वाळवंटातील काही वनस्पती व सूक्ष्म जीव कोरड्या दिवसांत याच साखरेच्या आश्रयाने तग धरतात. रक्ताचा थेंब पडला की साखर विरघळते, प्रतिपिंड मोकळे होतात, आणि दोन्ही विद्युदग्रांवरील संरोधाची तुलना सुरू होते.